मोठ्या भाऊंची कारभारीण

गुजरीत भाजी घ्यायला आलेला माणूस साधारणपणे भाजीकडे बघतो. मोठे भाऊ माणसांकडे बघायचे. एखादी बाई वांगी निवडत बसलेली दिसली की तिच्याजवळ जाऊन उभे राहायचे आणि अगदी नम्रपणे विचारायचे, ‘‘बाई, आज वांगेच काहून घेऊन राह्यल्या? भेंडी बराबर नाही काय?’’ बाई घाबरायची, नाहीतर चिडायची, नाहीतर खरंच कारण सांगायची. कारण पटलं की भाऊही वांगी घ्यायचे. बालाघाटच्या गुजरीत त्यांना ओळखत नाही अशी भाजीवाली नव्हती. काही जणी तर त्यांना लांबून पाहिलं की ओरडूनच सांगायच्या, ‘‘बाबूजी, आज सबने पालक लिया है!’’ आणि भाऊ निमूट पालक घ्यायचे.

न्हाव्याच्या खुर्चीत बसले की मागे बाकावर थांबलेल्या गिऱ्हाइकाला विचारायचे, ‘‘कितीक बारीक करू जी?’’ ऑटोत बसले की शेजारच्या अनोळखी सवारीचं मत घेऊन मगच रस्ता सांगायचे. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर ऑटोतून गेलो तेव्हा वाटलं, हे गृहस्थ माझी थट्टा करताहेत. दुसऱ्यांदा वाटलं, यांचं डोकं जरा हललेलं आहे. पुढे सवय झाली. ‘‘विचारल्यावाचून हात लावाचा नाही,’’ हे त्यांचं पालुपद होतं, आणि ते समोशालाही लागू होतं.

मी मूळचा गोंदियाचा. हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात, बालाघाटला नोकरीसाठी आलो तेव्हा दोन-चार वर्षं काढून परत जायचं, असं ठरवलं होतं. अजून इथेच आहे. आमचं ऑफिस स्टेशनच्या रस्त्याला एका औषधाच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या, एक जिना आणि जिन्यात कायम तांदळाच्या कोंड्याचा वास, कारण आमच्याकडे येणारे सगळे राइस मिलवाले. त्यांची बिलं, टॅक्सचे कागद, ट्रकच्या पावत्या हेच आमचं काम. मालक म्हणजे सेठजी. हिशोबाला मेश्राम मॅडम, धावपळीला बिसेन नावाचा तरुण, कॉम्प्युटरवर मोठे भाऊ आणि उरलेल्या सगळ्या कटकटीला मी. भाऊंचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी सेठजींपासून खालच्या चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मोठे भाऊच म्हणत.

ते हट्टा गावाच्या बाजूच्या खेड्यातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, घराबाहेर हिंदी. ऑफिसात बिसेन आणि सेठजी हिंदीतच बोलायचे, मेश्राम मॅडम दोन्हीत. मी आल्यावर भाऊंना मराठी बोलायला हक्काचा माणूस मिळाला. भर चैत्रातही अंगात अर्धा स्वेटर, हातात स्वतःचा स्टीलचा पेला, आणि सकाळी मला पाहिलं की पहिला प्रश्न, ‘‘काय जी, आज खिडकी उघडाची का राहू द्याची?’’ मी चिडायचो. मला कुठल्याही गोष्टीची चर्चा केलेली आवडत नाही. खिडकी आहे, उघडा, नाहीतर नका उघडू. पण मी ‘उघडा’ म्हटलं की ते मॅडमची वाट पाहायचे, मॅडम आल्या की बिसेनची, आणि तोवर ऊन आत येऊन बसलेलं असायचं.

खरं भांडण पंख्याचं होतं. ऑफिसात पंखा एकच, आणि तो मेश्राम मॅडमच्या बरोबर डोक्यावर. पंखा जोरात फिरला की मॅडमची मान धरायची, हळू फिरला की बिसेनचा शर्ट पाठीला चिकटायचा. मॅडम उठून रेग्युलेटर दोनवर करायच्या, बिसेन पाणी प्यायच्या निमित्ताने उठून तीनवर करायचा. मला वाटायचं, कोणीतरी एकदाचा तो पंखा काढून वैनगंगेत टाकून यावा. शेवटी एका दुपारी दोघांची चांगलीच जुंपली आणि त्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. दोघांत एका टेबलाचं अंतर, पण बिसेन मला सांगायचा, ‘‘मॅडम से कहिए, फाइल दे दें,’’ आणि मॅडम मला सांगायच्या, ‘‘त्याले म्हना, टेबलावरच हाय.’’ मी मधल्यामध्ये निरोप्या.

त्याच दिवसांत भाऊ जेवणाच्या सुट्टीत डबा समोर उघडून मोबाइलवर हिंदीत काहीतरी शिकवणारे व्हिडिओ बघायला लागले. एका हाताने घास, एका बोटाने टायपिंग. कोणी विचारलं तर म्हणायचे, ‘‘एक कारभारीन आनून राह्यलो ऑफिसात.’’ बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. आम्हाला वाटलं, म्हातारा लग्नबिग्न करतोय की काय. मॅडम तर एक दिवस त्यांच्याशी जरा गंभीरपणे बोलणार होत्या.

मग एका सोमवारी ऑफिसच्या चॅट ग्रुपवर एक नवी सदस्या आली. फोटोत चहाची किटली. तिने लिहिलं:

‘‘राम राम. जय भीम. नमस्कार. मी कारभारीन. पंखा दोनवर ठेवाचा का तीनवर? सर्वाईनं सांगा.’’

तिन्ही नमस्कार कसे आले, तर भाऊंनी आधी प्रत्येकाला विचारून ठेवलं होतं की तुम्हाला कोणता आवडेल. आम्ही सगळ्यांनी हसत हसत उत्तरं टाकली. थोड्या वेळाने तिचा निकाल आला, ‘‘ठरलं. दोनवर. आता कुरकुर नाही.’’ बिसेन जागचा हलला नाही. पाच मिनिटांनी ग्रुपवर परत, ‘‘झालं काय?’’ आणखी पाच मिनिटांनी, ‘‘झालं काय?’’ मोबाइल टिंग टिंग करत राहिला. शेवटी बिसेन उठला, रेग्युलेटर दोनवर आणला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘‘हो गया, माताजी.’’ तेव्हा ती गप्प झाली, आणि मॅडम हसल्या. त्या दिवसापासून दोघं परत बोलायला लागले.

कारभारीण म्हणजे भाऊंनी ते व्हिडिओ बघून कॉम्प्युटरवर स्वतः बनवलेला प्रोग्राम. तिचे कायदे साधे होते. कोणीही तिला प्रश्न द्यावा, ती तो सगळ्यांना विचारणार. समोसा का आलूबोंडा, बँकेत कोणी जायचं, शनिवारी लवकर सुटायचं का. जास्त लोक म्हणतील ते ठरणार. कोणी ‘नाही’ म्हटलं तर ती कारण विचारायची, पुरुषाला ‘‘काहून जी?’’ आणि बाईला ‘‘काहून वं बाई?’’ मॅडमनी तक्रार केली की मला मॅडम म्हणायला सांगा तिला. भाऊ म्हणाले, ‘‘तिले नाही जमत. जुन्या वळनाची हाय.’’ ठरलेलं काम झालं असं कोणी कळवेपर्यंत ती ‘‘झालं काय?’’ विचारणं सोडायची नाही. आणि सगळ्यांत मोठा कायदा हा, की ग्रुपमधल्या प्रत्येकाचं उत्तर आल्याशिवाय ती निकालच द्यायची नाही. चार जणांनी समोसा म्हटलं तरी पाचव्यासाठी थांबायची. जो राहिला असेल त्याचं नाव घेऊन लिहायची, ‘‘बाकी हाय. चहा थंडा होऊन राह्यला.’’

मी भाऊंना म्हटलं, ‘‘जास्त मतं पडली की संपलं ना? पाचव्याचं उत्तर काही येवो, फरक काय पडतो?’’

‘‘निकालात नाही पडत जी,’’ ते म्हणाले, ‘‘त्याले पडते.’’

या कायद्याने एकदा आमची भलतीच फजिती केली. सेठजी भाच्याच्या लग्नाला सिवनीला गेले होते. चार वाजता कारभारणीने नेहमीप्रमाणे विचारलं, ‘‘चहा सांगाचा काय?’’ आमची चौघांची उत्तरं गेली. सेठजींचं आलं नाही. ‘‘सेठजी बाकी हाय. चहा थंडा होऊन राह्यला.’’ खाली चहावाला आमच्या हाकेची वाट बघत उभा. मी म्हटलं, मी खाली जाऊन पिऊन येतो. तर घरचं कोणी यायचं असताना मी ताट ओढून बसलो की काय, अशा नजरेने तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी परत खुर्चीत बसलो. तेवढ्यात वारासिवनीकडचे एक मिलवाले आले आणि म्हणाले, जरा चहा मागवा. मेश्राम मॅडमनी अतिशय गंभीरपणे त्यांना सांगितलं, ‘‘अभी सेठजी का जवाब नहीं आया.’’ ते गृहस्थ आधी हसून हसून खोकले, मग काय होतं ते बघू म्हणून आमच्यातच बसले. दिवेलागणीला ग्रुपवर सेठजींचा आवाज आला, मागे बँडचा गोंगाट, ‘‘अरे हाँ भई हाँ, पी लो चाय!’’ आम्ही उठलो. पण कारभारणीला आवाज समजत नव्हता, तिला लिहिलेलं लागायचं. ‘‘सेठजी बाकी हाय.’’ वरातीत नाचणाऱ्या माणसाला फोन करून ‘हाँ’ लिहायला लावलं, तेव्हा ऑफिस बंद करायच्या वेळेला आम्ही चहा प्यालो. चहा नेहमीसारखाच पाणचट होता, पण सगळे उगाचच हसत होतो.

बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल, आणि तो होताच. पण मला तो हळूहळू आवडायला लागला, आणि का आवडला तेही सांगतो. मी खोली करून एकटा राहतो. लग्न झालं नाही. गोंदियाला भावाचं घर आहे, रविवारी जातो, ते लोक माझ्याआधी जेवून घेतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. माझ्यासाठी कुठे काही खोळंबलंय, असं माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही. एखाद्या दिवशी मी बँकेच्या रांगेत असलो की मोबाइल वाजायचा. कारभारीण माझं नाव घेऊन सांगत असायची की मी बाकी आहे आणि चहा थंड होतोय. मी वैतागल्याचा आव आणून उत्तर टाकायचो. खरं म्हणजे कधी कधी मुद्दाम उशीर करायचो.

पंख्याचा आणि चहाचा रोजचा प्रश्न भाऊंनी तिच्यात आधीच घालून ठेवला होता, त्यापलीकडे ते स्वतः तिला कधीच प्रश्न द्यायचे नाहीत. उत्तर मात्र त्यांचंच पहिलं असायचं. आणि निकाल पाळायचा म्हणजे पाळायचा. आलूबोंडा त्यांना अजिबात सोसायचा नाही, रात्रभर पोट धरायचं. तरी निकाल आलूबोंड्याचा लागला की ते मुकाट खायचे. मॅडम म्हणायच्या, ‘‘नका खाऊ जी, कोन पाह्यते?’’ भाऊ म्हणायचे, ‘‘ठरलं म्हंजे ठरलं. मोडाचं होतं त विचारलं कायले?’’

बिसेनला उकव्याला खाणीच्या ऑफिसात नोकरी आली तेव्हा त्याने गंमत म्हणून तो प्रश्न कारभारणीला दिला. उकव्याला जावं काय? सेठजींनी चिडून ‘नहीं’ लिहिलं आणि कारण विचारल्यावर ‘मेरा काम कौन करेगा’ असंही लिहिलं. आम्ही तिघांनी हौ, म्हणजे हो, म्हटलं. तरी निकाल येईना. ‘‘बिसेन बाकी हाय.’’

‘‘मुझे क्यों पूछ रही है? सवाल तो मेरा ही है,’’ बिसेन म्हणाला.

भाऊंनी मान वर न करता सांगितलं, ‘‘विचारनाऱ्यालेबी सांगा लागते, बेटा. का आमी चौघं मिळून तुही जिंदगी ठरवून देऊ?’’

बिसेनचं हसू थांबलं. तो बराच वेळ मोबाइल हातात धरून बसला आणि मग त्याने हौ लिहिलं. महिन्याअखेरीस तो उकव्याला गेला. त्याला ग्रुपमधून काढायचं का, असं मी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, ‘‘गेला म्हंजे घरचा नाही राह्यला काय?’’ तेव्हापासून आमचा चहा उकव्याच्या जंगलातल्या नेटवर्कवर अवलंबून राहिला.

मग भाऊ न्हाणीघरात घसरून पडले. फार लागलं नाही, पण पुण्याहून मुलगी धावत आली. मोठ्या कंपनीत कामाला, बोलायला गोड, वडिलांवर जीव. एक दिवस ती त्यांना न्यायला ऑफिसात आली तेव्हा मॅडमनी मोठ्या कौतुकाने तिला कारभारीण दाखवली. मुलगी हसत हसत वाचत होती. ‘चहा थंडा होऊन राह्यला.’ ‘आता कुरकुर नाही.’ ‘झालं काय?’ वाचता वाचता ती हसायची थांबली.

‘‘हे आईचं बोलणं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘बाबा, हे सगळं आईचं आहे.’’

भाऊ चष्मा काढून स्वेटरला पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. मेश्राम मॅडम उठून पाण्याचा माठ बघायला गेल्या. माझ्या मनात आलं, इतके दिवस आम्ही ज्या बाईला उलट उत्तरं देत होतो, ती आम्ही कधी पाहिलीच नव्हती. तिने मात्र आमचा पंखा, आमचा चहा, सगळं सांभाळलं होतं. मला गलबलून आलं, आणि मी ते लपवायला खिडकी उघडली, कोणाला न विचारता.

मुलीने पुण्याची तिकिटं काढली होती. गाडी गोंदियाहून होती, आणि शनिवार होता, म्हणून सामान घेऊन मीही निघालो. बालाघाट-गोंदिया गाडीत मुलीला समोर खिडकीशी डुलकी लागली. भाऊ माझ्या कानाशी वाकून बोलायला लागले.

‘‘हिले पुन्याच्या कॉलेजात जागा लागली ना, तवा त्याच दिवशी सांगाचं होतं. मी तिथल्या तिथं हौ म्हनून टाकलं. घरी येऊन सांगतलं. हिची माय भाकर थापून राह्यली होती. म्हने, मले विचारलं असतं त मीबी हौच म्हटलं असतं. पन विचारलं काहून नाही?’’

‘‘मग?’’

‘‘मंग काही नाही जी. भाकर वाढली. पुन्हा कधी गोष्टच काढली नाही तिनं. मरेपर्यंत नाही काढली. काढली असती त बरं झालं असतं.’’

गाडी एका लहान स्टेशनवर थांबून पुढे निघाली. मी विचारलं, ‘‘आणि आता तुम्हाला विचारलं का मुलीने, पुण्याला येता का म्हणून?’’

भाऊंनी झोपलेल्या मुलीकडे पाहिलं आणि हसले. ‘‘तिकिटं घेऊनच आली. माहीच पोरगी हाय.’’

पुण्याला जाताना त्यांनी कारभारीणही बरोबर नेली, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर ती चालायची तो. तिकडे मुलीच्या घराच्या गॅलरीत त्यांनी तो मांडला. चार वाजले की इकडे प्रश्न यायचा आणि भाऊंचं हौ सगळ्यांच्या आधी. ते तिकडे एकट्यापुरतं आधण ठेवायचे. मुलगी अंधार पडल्यावर यायची. फोनवर विचारलं की म्हणायचे, सगळं बेस हाय. एकदाच म्हणाले, ‘‘भाजीचं जमत नाही जी. मोबाइलवर दाबलं का टमाटर घरी येते. कोनाले विचारू?’’

इकडे ऑफिसही विरत गेलं. सेठजींनी हिशोबाचं काम नागपूरच्या एका फर्मला दिलं, मेश्राम मॅडम घरी बसल्या, नातवात रमल्या. सेठजी आठवड्यातून एखादी चक्कर मारतात. दोन खोल्यांत मी एकटा. तरी ग्रुपमधून कोणी गेलं नव्हतं. सकाळी कारभारीण विचारायची, पंखा दोनवर का तीनवर? त्या पंख्याखाली फक्त मी बसायचो आणि मत पाच जणांचं पडायचं. बिसेन उकव्याहून न चुकता तीन लिहायचा, मला गार लागावं म्हणून. मॅडम घरून दोन लिहायच्या, माझी मान धरू नये म्हणून. मी ते वाचत बसायचो, आणि दिवसाचा तेवढा भाग बरा जायचा.

गेल्या थंडीत एका दुपारी ग्रुपवर आलं, ‘‘मोठ्या भाऊनं बालाघाटले वापस यावं काय? सर्वाईनं सांगा.’’

भाऊंनी स्वतःसाठी तिला दिलेला तो पहिला प्रश्न. पुरता वाचून व्हायच्या आत मी हौ लिहिलं होतं. मॅडमचं हौ आलं, सेठजींचं ‘हाँ, ज़रूर’ आलं. बिसेनचं दुसऱ्या दिवशी, नेटवर्क मिळाल्यावर. मी तेवढ्यात भाऊंच्या बंद घरासमोरून एक चक्करही मारून आलो. अंगण झाडून घ्यावं लागणार होतं. चौघांचं ठरलं होतं. पण निकाल नव्हता. ‘‘मोठे भाऊ बाकी हाय.’’ दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चहाला मात्र त्यांचं हौ वेळेवर येत होतं.

मी फोन लावला. ‘‘भाऊ, तुमचंच राहिलंय.’’

‘‘हौ, पाह्यलं.’’

‘‘मग?’’

‘‘पोरीले विचारलं नाही अजून.’’

‘‘मग विचारा ना!’’ माझा आवाज चढला असेल.

ते म्हणाले, ‘‘ती नाही म्हनन, त मले इथं राहा लागन. अन्‌ हौ म्हनन, त मी गेल्यानं तिले काही फरक नाही पडत, असं होईन. दोन्ही आयकाची हिंमत नाही जी होऊन राह्यली.’’ आणि लगेच, ‘‘चहा झाला काय तुमचा?’’

दोन दिवसांनी ग्रुपमध्ये एक नवी सदस्या आली. भाऊंनीच आत घेतलेली त्यांची मुलगी. वर लगेच कारभारणीची ओळ, ‘‘दोघं बाकी हाय.’’

आणि मुलगी काही बोलेना. कामात असेल, किंवा ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला असेल. तो प्रश्न तर अडलाच, पण ती ग्रुपात आल्यामुळे रोजचा चहाही अडला. चार वाजता आम्ही सगळे हौ लिहायचो आणि बसायचो. कोणी बघायला नव्हतं. खाली उतरून चहा प्यायला मला कोण अडवणार होतं? तरी मी प्यालो नाही. चहावाल्याने तब्येत विचारली. तिकडे गॅलरीत भाऊंनीही आधण ठेवलं नसणार, हे मला न विचारता माहीत होतं.

एका संध्याकाळी मी कुलूप लावून जिना उतरत असताना मोबाइल वाजला. मुलीने आधी चहाच्या प्रश्नाला हौ लिहिलं होतं. त्याखाली दुसऱ्या प्रश्नाला उत्तर होतं, नाही.

‘‘काहून वं बाई?’’ कारभारणीने विचारलं.

मी जिन्यातच बसलो. वर बराच वेळ नुसतं ‘लिहीत आहे, लिहीत आहे’ दिसत होतं. एवढं लिहून शेवटी आल्या दोनच ओळी. ‘‘मी ऑफिसातून येते तेव्हा घरात लाइट लागलेला असतो. इतकी वर्षं नसायचा.’’

थोड्या वेळाने भाऊंचं उत्तर आलं, नाही. कारभारणीने त्यांनाही विचारलं, ‘‘काहून जी?’’ त्यांनी लिहिलं, ‘‘पोरगी म्हन्ते म्हनून.’’

सगळ्यांची उत्तरं आली होती. कारभारीण काही माणूस नव्हे, तिला मोजता तेवढं येतं. तिने मोजलं आणि निकाल दिला. ‘‘ठरलं. मोठ्या भाऊनं वापस यावं. आता कुरकुर नाही.’’

मी भाऊंना फोन केला. म्हटलं, ‘‘भाऊ, ठरलं म्हणजे ठरलं ना? आलूबोंडे खाल्ले होते तुम्ही.’’ मी थट्टेने म्हणायला गेलो, पण थट्टा जमली नाही.

‘‘हौ जी,’’ ते म्हणाले. ‘‘पहिल्यांदाच मोडून राह्यलो. माफ करजा.’’ मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि मुलगी काहीतरी विचारत होती. भाऊ तिला म्हणाले, ‘‘तुले कसं वाटते? पातळ करू का घट्ट?’’ मग मला म्हणाले, ‘‘ठेवू काय जी?’’ मी हौ म्हटलं.

मला आनंद झाला, आणि मला फार वाईट वाटलं. ते यायला हवे होते. माझ्यासाठी यायला हवे होते, असंच म्हणतो, त्यात लपवायचं काय?

तेव्हापासून रोज सकाळी मी ऑफिसचं कुलूप उघडतो आणि मोबाइल वाजतो. ‘‘मोठ्या भाऊनं वापस यावं, असं ठरलं. झालं काय?’’ कोणीही ‘झालं’ असं लिहिलं की ती त्या बाबतीत कायमची गप्प बसेल, ‘नाही’ लिहिलं तर फक्त दुसऱ्या सकाळपर्यंत. मेश्राम मॅडम म्हणाल्या, ‘‘लिहून टाका ना जी एकदाचं, कायले रोज रोज वाचता?’’ सेठजींना कळत नाही, बिसेन मजा बघतो. तिकडे पुण्यात भाऊंना तर एक बटण दाबायचं काम आहे, कॉम्प्युटर त्यांच्याच गॅलरीत आहे. पण तेही ते बटण दाबत नाहीत.

मी पंखा दोनवर करतो, खुर्चीत बसतो आणि तिला उत्तर देतो. ‘‘नाही अजून.’’